पहिले बारा आठवडे

पाळी चुकते. चार-आठ दिवस वाट बघण्यात जातात, कारण मागेपुढे होतच असते. मग मेडिकलमधून कीट येते, दोन रेघा उमटतात, नवऱ्याला आणि आईला बातमी कळते. ‘तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलू नकोस’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि पाळलाही जातो. दवाखान्यात नाव घालायला, आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायला पुष्कळदा दहावा-बारावा आठवडा उजाडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 70 टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तिमाहीत झाल्याचे दिसले. उरलेल्यांपैकी कुणी त्यानंतर गेली, कुणी गेलीच नाही. बाळाच्या मेंदूची जडणघडण मात्र नाव घालण्याची वाट बघत नाही. त्या काळात बाळाला जे थायरॉईड संप्रेरक लागते, ते सगळेच्या सगळे आईकडून येते.

थायरॉईड ही गळ्यात, श्वासनलिकेला पुढून बिलगलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. वजन जेमतेम 15 ते 20 ग्रॅम. दिवस गेल्यावर तिच्यावर एकाच वेळी तीन-चार बाजूंनी काम येऊन पडते. कीटवर दुसरी रेघ उमटवणारे एचसीजी हे संप्रेरक रचनेने टीएसएच या थायरॉईडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाशी इतके मिळतेजुळते आहे, की ते थायरॉईडलाही चालना देते. म्हणूनच पहिल्या तिमाहीत निरोगी बाईचेही टीएसएच खाली उतरते. दुसरीकडे इस्ट्रोजेन वाढल्याने यकृतात थायरॉक्सिन या थायरॉईडच्या संप्रेरकाला बांधून ठेवणारे प्रथिन जास्त तयार होऊ लागते. रक्तात मोकळे थायरॉक्सिन पुरेसे राहायचे, तर एकूण साठा जवळपास दीडपट व्हावा लागतो. ज्यापासून हे संप्रेरक बनते, ते आयोडीनही लघवीवाटे जास्त जाते. साध्या दिवसांत मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर गरोदरपणात ते 250 असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बाळाची स्वतःची थायरॉईड साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास आयोडीन ओढून घ्यायला लागते. गरजेपुरते संप्रेरक बनवायला तिला अठरावा ते विसावा आठवडा लागतो. तोवरचा सगळा पुरवठा वारेतून, आईच्या रक्तातून. निरोगी ग्रंथी हा वाढीव भार निमूटपणे पेलते. जिची ग्रंथी आधीच थकलेली असते, शस्त्रक्रियेने काढलेली असते किंवा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांनी पोखरलेली असते, तिला तो पेलवत नाही.

ही मागणी नेमकी कधी वाढते, याचा छडा बोस्टनमधल्या डॉक्टरांनी लावला. एरिक अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी हायपोथायरॉइडिझमसाठी, म्हणजे थायरॉईड कमी काम करते म्हणून, आधीपासून गोळी घेणाऱ्या 19 बायकांच्या 20 गरोदरपणांवर सुरुवातीपासून लक्ष ठेवले. त्यांचा निबंध 2004 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. काहींना पाचव्या आठवड्यातच डोस वाढवावा लागला होता. पहिल्या पाच महिन्यांत गरज सरासरी 47 टक्क्यांनी वाढली आणि सोळाव्या आठवड्याच्या सुमारास स्थिरावली. पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा. त्या वेळी बहुतेक घरांत अजून ‘बघू, थांबू’ चाललेले असते.

या अभ्यासातून निघालेली सूचना साधी आहे आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्या, मूल हवे असलेल्या प्रत्येक बाईला ती दिवस जाण्याआधीच सांगून ठेवायला हवी. कीटवर दुसरी रेघ दिसली की आठवड्याला सात गोळ्यांऐवजी नऊ घ्यायच्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट. आणि लगेच डॉक्टरांना गाठून रक्त तपासायचे. आपल्यासाठी हे योग्य आहे का, ते डॉक्टरांशी बोलून आधीच ठरलेले असावे. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी. आपल्याकडे मात्र अनेकदा उलटेच घडते. ‘अशा दिवसांत गोळ्या नकोत’ म्हणून घरातली वडीलधारी माणसे गोळी बंद करायला लावतात, कधी बाई स्वतःच भीतीने थांबवते. लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे ग्रंथी जे बनवते तेच रसायन. गरोदरपणात ते बाहेरून घेण्यात धोका नाही. धोका आहे तो मधेच थांबवण्यात.

हा धोका किती मोठा, हे अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गोठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांनी दाखवून दिले. 1987 ते 1990 या काळात तिथे दुसऱ्या तिमाहीतल्या नेहमीच्या चाचण्यांसाठी घेतलेले हजारो बायकांचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. जेम्स हॅडो आणि सहकाऱ्यांनी त्यातले 25,216 नमुने काढून टीएसएच मोजले. 62 बायकांची थायरॉईड त्या गरोदरपणात कमी काम करत होती असे दिसले, आणि यातल्या 48 जणींना तेव्हा काहीच उपचार मिळाले नव्हते. आता त्यांची मुले सात ते नऊ वर्षांची, शाळेत जाणारी होती. मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या बुद्धिमत्तेच्या, भाषेच्या, लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या आणि तुलनेसाठी निरोगी आयांच्या मुलांच्याही घेतल्या. उपचार न मिळालेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनी कमी निघाला. बुद्ध्यंक 85 किंवा त्याहून कमी असलेली मुले या गटात 19 टक्के होती, दुसऱ्या गटात 5 टक्के. या मुलांमध्ये नजरेला कळेल असे व्यंग नव्हते. वर्गात मागे पडणारे मूल म्हणून त्यांची कुणी वेगळी दखल घेतली असेल, असेही नाही.

हॅडो यांच्या निबंधात आणखी एक आकडा आहे, तो आयांबद्दलचा. गरोदरपणाला अकरा वर्षे झाल्यावर उपचार न मिळालेल्या बायकांपैकी 64 टक्के जणींना हायपोथायरॉइडिझम असल्याचे पक्के निदान झालेले होते. म्हणजे गरोदरपणात साधी रक्ततपासणी झाली असती, तर मुलाबरोबर आईच्याही आजाराचा माग कितीतरी आधी लागला असता.

1999 साली आलेल्या या निबंधानंतर सगळ्याच गरोदर बायकांची तपासणी करा, अशी मागणी जगभर होऊ लागली. पुढचे मोठे प्रयोग मात्र वेगळे बोलले. ब्रिटन आणि इटलीत जॉन लॅझरस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 22 हजार गरोदर बायकांचे रक्त घेण्यात आले. निम्म्यांची तपासणी लगेच झाली आणि गरज असलेल्यांना गोळी सुरू केली. उरलेल्यांचे नमुने प्रसूतीनंतर तपासले. तीन वर्षांच्या वयात दोन्ही गटांतल्या मुलांचा बुद्ध्यंक जवळपास सारखा होता, 99.2 आणि 100. अमेरिकेत ब्रायन केसी यांच्या गटाने सौम्य कमतरतेच्या बायकांवर केलेल्या, 2017 मध्ये आलेल्या प्रयोगातही गोळीचा मुलांच्या बुद्ध्यंकाला फायदा दिसला नाही.

हे निकाल वाचून ‘गरोदरपणात थायरॉईडचे एवढे काही नसते’ असे म्हणणे घाईचे होईल. दोन्ही प्रयोगांत बहुतेक बायकांची कमतरता सौम्य होती. मेनमधल्या बायकांची त्याहून जास्त होती. आणि गोळी सुरू झाली कधी? लॅझरस यांच्या प्रयोगात साधारण तेराव्या आठवड्याला, केसींच्या प्रयोगात सतराव्याच्या आसपास. बाळ सर्वस्वी आईवर अवलंबून असते तो काळ तोवर बराचसा सरलेला होता. सौम्य कमतरतेत पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून गोळी दिली तर काय होते, याचे उत्तर या प्रयोगांमधून मिळत नाही. उघड कमतरतेत, म्हणजे टीएसएच चढलेले आणि टी-फोर (थायरॉक्सिन) उतरलेले असताना, उपचार हवेतच, यावर मात्र जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत आहे.

खरा घोळ आहे तो सौम्य गटात, आणि तो आकड्याच्या रेषेवरून होतो.

2011 मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने पहिल्या तिमाहीत टीएसएच 2.5 च्या वर नको, असे सांगितले होते. ही रेषा भारतात लावली तेव्हा काय झाले, ते 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नऊ राज्यांतल्या 11 शहरांच्या पाहणीत दिसते. टीएसएच 4.5 च्या वर गेल्यास कमतरता धरली तर सुमारे 13 टक्के गरोदर बायका हायपोथायरॉईड ठरत होत्या. अमेरिकन निकष लावला तर 44 टक्के. बायका त्याच, रक्तही तेच. जवळजवळ निम्म्या गरोदर बायकांना आजारी ठरवणारी रेषा त्या लोकसंख्येसाठी योग्य नाही, हे उघड आहे. 2017 मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने भूमिका बदलली: प्रत्येक देशाने आपापल्या निरोगी गरोदर बायकांवरून मर्यादा ठरवावी, आणि ती नसेल तर सुरुवातीच्या महिन्यांत 4 च्या आसपासचा आकडा धरावा. भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना मात्र 2.5 आणि 3 याच आकड्यांवर उभ्या आहेत. म्हणूनच एकच रिपोर्ट घेऊन दोन डॉक्टरांकडे गेलेल्या बाईला दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात. त्यात लॅबच्या रिपोर्टवर उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुधा गरोदर नसलेल्या माणसांची असते. ती वाचून कुणी घाबरते, कुणी निर्धास्त होते, आणि दोन्ही चुकीचे ठरू शकते.

प्रत्येक सीमारेषेवरच्या आकड्याला गोळी देऊन सुटकाही होत नाही. अमेरिकेतल्या 5,405 बायकांच्या नोंदींवर आधारलेला, 2017 मध्ये ‘बीएमजे’त आलेला अभ्यास सांगतो की सौम्य कमतरतेत गोळी घेणाऱ्यांमध्ये गर्भपाताचे प्रमाण कमी होते, पण तो फायदा टीएसएच 4.1 ते 10 असलेल्यांपुरताच दिसला. त्याच वेळी वेळेआधी प्रसूती आणि गरोदरपणातला मधुमेह थोडा जास्त आढळला. थायरॉईडवर चाल करणारी अँटी-टीपीओ प्रतिपिंडे आहेत पण संप्रेरके ठीक आहेत, अशा बायकांना गोळी देऊन जिवंत बाळ होण्याचे प्रमाण वाढत नाही, हे ब्रिटनमधल्या 2019 च्या ‘टॅब्लेट’ प्रयोगाने दाखवले. अशा बाईवर लक्ष ठेवायचे, टीएसएच पुन्हा पुन्हा बघायचे. केवळ प्रतिपिंडे सापडली म्हणून गोळी सुरू करायची गरज नसते.

तपासणी कुणाची करायची? मंत्रालयाच्या सूचना जोखीम असलेल्या बायकांची करायला सांगतात: आधी थायरॉईडचा आजार किंवा शस्त्रक्रिया झालेली, आई-बहिणीला थायरॉईड असलेली, टाइप 1 मधुमेह असलेली, वारंवार गर्भपात झालेली, वजन खूप जास्त असलेली. भारतात ही यादी इतकी लांबते की बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ पहिल्याच भेटीत सगळ्यांचे टीएसएच करतात. ते योग्यच आहे. फक्त ही पहिली भेट सहाव्या आठवड्याला झाली तर त्या तपासणीचा जेवढा उपयोग, तेवढा चौदाव्या आठवड्याला होत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांवर भरणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायका येतात. थायरॉईडच्या बाबतीत त्याआधीचे महिनेच निर्णायक असतात.

गोळी सुरू झाली तरी ती अंगी लागण्यात एक मोठी अडचण येते, आणि ती सरकारी औषधांच्याच पिशवीत असते. गरोदर बाईला लोह-फॉलिक ॲसिडची गोळी रोज मिळते, चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या दोन. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. ‘सगळ्या गोळ्या एकदम घेऊन टाकते, म्हणजे विसरायला होत नाही’ असे म्हणणारी बाई थायरॉईडची गोळी गिळते खरी, पण तिचा मोठा भाग वाया जातो. पुढच्या महिन्यात टीएसएच चढलेले दिसते, डोस वाढतो आणि कारण तसेच राहते. पहाटे किंवा सकाळी उठल्या उठल्या, पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी थायरॉईडची गोळी. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोह किमान चार तासांनंतर, दुपारच्या जेवणापासून पुढे, आणि तीही एकमेकांपासून दोन तास लांब. छातीतल्या जळजळीसाठी घेतलेल्या अँटासिडलाही हाच नियम. सकाळी मळमळीने गोळी पोटात ठरत नसेल, तर डॉक्टरांना विचारून ती रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. मेडिकलवाल्याने मोठी बाटली दिली असेल तर गोळ्या त्याच बाटलीत राहू द्याव्यात. स्वयंपाकघरातल्या खिडकीत, उन्हात आणि वाफेत ठेवलेल्या गोळ्यांची ताकद कमी होते.

थायरॉईडची चर्चा मिठाशिवाय पुरी होत नाही, आणि मिठाची गोष्ट भारतात हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात सुरू होते. गलगंडाने पिडलेल्या त्या भागात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून एक मोठा प्रयोग केला. एक लाखाहून जास्त वस्तीचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीन घातलेले मीठ, मधल्या विभागाला साधे. काही वर्षांतच आयोडीनवाल्या विभागांत गलगंड झपाट्याने घटला, मधल्या विभागात फारसा फरक पडला नाही. मग त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 1973 मध्ये आलेल्या या कामाच्या निबंधावर रामलिंगस्वामींबरोबर एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही नावेही आहेत. आयोडीन अतिशय कमी असलेल्या मुलखात गळ्यावरच्या गाठींहून मोठे दुःख मुलांचे होते: कमतरतेतल्या आयांच्या पोटी मुकी-बहिरी, मतिमंद मुले जन्मत होती. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी 2000 मध्ये उठवली गेली आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. 2018-19 च्या देशव्यापी पाहणीत 76.3 टक्के घरांत पुरेसे, म्हणजे किमान 15 पीपीएम आयोडीन असलेले मीठ सापडले. उरलेल्या घरांतही बायका गरोदर राहतात.

मराठी घरांत मिठातले आयोडीन एका वेगळ्या वाटेने कमी होत आहे. उपवासाला सैंधव ही जुनी रीत. हल्ली ‘नैसर्गिक’ म्हणून गुलाबी मीठ किंवा सैंधव रोजच्या स्वयंपाकात आले आहे. वरून आयोडीन घातलेले नसेल, तर त्यात ते नगण्यच असते. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाने बिघडत नाही. नऊ महिने रोजच्या वरण-भाजीत तेच मीठ पडले तर बिघडते. समुद्राच्या पाण्याचे म्हणून घरी आणलेल्या जाड्या मिठालाही हेच लागू. आशाताईंकडच्या कीटमधला एक थेंब मिठावर टाकला की आयोडीन असल्यास मीठ जांभळे पडते. मिठाबद्दल शंका असेल तर ती चाचणी करून घ्यावी. आयोडीनयुक्त मीठही उघड्या डब्यात, चुलीजवळ ठेवू नये आणि शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावे. कोबी-फ्लॉवर बंद करायची गरज नाही. आयोडीन पुरेसे असेल तर शिजवलेल्या भाजीने काही होत नाही.

थायरॉईड जास्त काम करते तेव्हा प्रश्न वेगळे असतात. डोहाळ्यांत पाणीही ठरत नाही, वजन उतरते, धडधड होते आणि टीएसएच जवळपास शून्य येते, तेव्हा पुष्कळदा कारण एचसीजीच असते. शंभरातल्या एक ते तीन गरोदरपणांत हे घडते आणि चौदाव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत आपोआप ओसरते. थायरॉईड दाबणारी औषधे इथे नको असतात. सलाईन आणि उलटी थांबवणारी औषधे पुरतात. ग्रंथीला भडकवणाऱ्या प्रतिपिंडांमुळे होणारा ग्रेव्ह्ज हा आजार दुर्मीळ, पण त्याला उपचार लागतात. नेहमीच्या कार्बिमॅझोलने पहिल्या तिमाहीत बाळात व्यंग येऊ शकते, म्हणून त्या काळात प्रोपिलथायोयुरॅसिल देतात. ते यकृताला जड जाऊ शकते, म्हणून तेही जपून. ग्रेव्ह्जसाठी काही वर्षांपूर्वी रेडिओआयोडीन घेतलेली किंवा ग्रंथी काढलेली बाई ‘माझे आता बरे आहे, नुसती गोळी घेते’ असे सांगते. तिच्या रक्तातली जुनी प्रतिपिंडे मात्र टिकून असू शकतात, वार ओलांडून बाळाच्या थायरॉईडला भडकवू शकतात. हा इतिहास पहिल्याच भेटीत सांगितला, तर त्या प्रतिपिंडांची चाचणी वेळेत होते.

बाळंतपणानंतर वाढवलेला डोस पुन्हा पहिल्यावर येतो आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघायचे असते. सव्वा महिन्याच्या शेक-शेगडीत आणि डिंकाच्या लाडवांत ही तपासणी हटकून राहते. ज्यांना आधी थायरॉईड नव्हता, अशांपैकी साधारण विसातल्या एकीला पहिल्या वर्षभरात थायरॉईडचा दाह होतो: आधी काही आठवडे धडधड, चिडचिड, घाम, मग चार-सहा महिन्यांनी मरगळ, केस गळणे, रडू येणे, दूध कमी होणे. घरात याला ‘रात्रीची जागरणे’ किंवा ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणतात, दवाखान्यात कधी नुसते नैराश्य ठरवले जाते. ज्यांच्यात अँटी-टीपीओ सापडले होते किंवा ज्यांना टाइप 1 मधुमेह आहे, त्यांना हा धोका जास्त असतो. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींना गोळी कायमची लागते.

आणि बाळ? काही बाळांची थायरॉईड जन्मतःच नसते किंवा काम करत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री अभ्यासात हे प्रमाण सुमारे 1,100 बाळांमागे एक निघाले. जगात ते दोन ते चार हजारांमागे एक धरले जाते. जन्मताना असे बाळ बहुधा नॉर्मल दिसते, कारण पोटात असताना आईचे संप्रेरक त्याला मिळत असते. लांबलेली कावीळ, शौचाला न होणे, घोगरे रडणे ही लक्षणे दिसेपर्यंत मोलाचे आठवडे गेलेले असतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हे निदान होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला क्वेबेकमध्ये ज्याँ द्युसो यांनी ही पद्धत उभी केली आणि अनेक देशांत ती सक्तीची झाली. मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी 1980 च्या दशकातच नवजात बाळांवर असे काम केले होते. गोव्याने 2008 मध्ये सरकारी पातळीवर नवजात चाचणीचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ही चाचणी व्हायला हवी. जोवर होत नाही, तोवर आई-बाबांनी दवाखान्यातून निघण्यापूर्वी ‘बाळाचे टीएसएच झाले का’ असे विचारायला हवे. नमुना शक्यतो 48 तासांनंतर घ्यायचा असतो आणि साधी प्रसूती झालेल्या बायकांना अनेकदा त्याआधीच घरी सोडतात. अशा वेळी नाळेतल्या रक्ताची तपासणी किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा येणे, हे दोन मार्ग आहेत. निदान झाले तर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू करायचे: रोज एक स्वस्तातली गोळी, चुरून, चमचाभर आईच्या दुधातून किंवा पाण्यातून, लोहाच्या थेंबांपासून लांब. मेंदूची वाढ जोमात असते ती पहिली तीन वर्षे रक्त वारंवार तपासले जाते आणि त्यानंतर डॉक्टर काही मुलांची गोळी चार-सहा आठवडे थांबवून बघतात, की ग्रंथी आता स्वतःहून काम करते का.